सुजेच्या दुखण्यावर फ्लॅव्होनॉइड: कांद्यापासून कॅप्सूलपर्यंत

माझ्या धाकट्या जावेच्या फ्रीजवर दोन कागद चिकटवलेले असतात. एकावर दुधाचा हिशेब, दुसऱ्यावर सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली त्याची नोंद. दुसरा कागद माझ्या हट्टामुळे आहे. तिला आमवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. आणि मी सव्वीस वर्षं फार्मसी कॉलेजात औषधशास्त्राचं प्रॅक्टिकल घेतलं, म्हणजे पांढरे उंदीर सांभाळले आणि पोरांचे प्रबंध तपासले. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. साठवणीच्या चाळीत कांदा, फोनवर रोज नवा काढा. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, "ताई, यात ते फ्लॅव्होनॉइड असतं म्हणे. घेऊ का?"

तिला तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले ते इथं सलग लिहिते आहे.

आधी दुखणं कुठलं ते बघा

हे न करता काढा उकळायला घेणं म्हणजे पत्ता न विचारता एसटीत बसणं. फ्लॅव्होनॉइडचं जे काही काम आहे ते सुजेच्या दुखण्यावर आहे. सुजेचं दुखणं सकाळी जास्त असतं. अंग आखडतं, ते सुटायला अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त लागतो, आणि हालचाल केली की बरं वाटतं. सांधा गरम लागतो, फुगीर दिसतो, अंगठी निघत नाही. याउलट माझ्या गुडघ्याचं दुखणं झिजेचं. सकाळी पाच-दहा मिनिटांत मी चालायला लागते, पण बाजार करून आले, जिना चढले की संध्याकाळी गुडघा बोलायला लागतो. झिजेतही थोडी सूज असते, नाही असं नाही, पण गाडा ओढणारा बैल वेगळा. तिसरं दुखणं नसेचं, त्यात आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं. त्याला कांदा काय करणार?

घरी अंदाज बांधा, पण तिथंच थांबू नका. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील. आमवातात पहिली काही वर्षं फार मोलाची असतात. सांध्याचं हाड एकदा खाल्लं गेलं की ते कुठल्याच पाल्यानं भरून येत नाही.

हळद या यादीत नाही

फ्लॅव्होनॉइड हे वनस्पतींनी स्वतःसाठी बनवलेले रेणू. पंधरा कार्बनचा सांगाडा, दोन बाजूंना दोन कडी आणि मध्ये तीन कार्बनांचा पूल. ऊन, कीड, बुरशी यांपासून बचाव आणि फुला-फळांचा रंग, ही त्यांची झाडातली कामं. नाव लॅटिनमधल्या 'पिवळा' या अर्थाच्या शब्दावरून आलं. कांद्यातलं क्वेरसेटिन, संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन, चहातली कॅटेचिनं, जांभळाच्या जांभळ्या रंगातली अँथोसायनिनं, सोयाबीनमधलं जेनिस्टिन, ही सगळी भावंडं.

हळदीतलं कर्क्युमिन मात्र फ्लॅव्होनॉइड नाही. पिवळं आहे, सुजेवर त्याचाही अभ्यास होतो, पण त्याचं कूळ वेगळं. आल्यातलं जिंजेरॉलही नाही. हे पाठ करायची गरज नाही, पण एक उपयोग आहे. डब्यावर 'हळदीतील फ्लॅव्होनॉइडयुक्त' असं छापलेलं दिसलं तर डबा खाली ठेवा. ज्याला एवढं ठाऊक नाही त्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास का ठेवायचा?

१९३६ साली हंगेरीत सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थांना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं. केशवाहिन्यांमधून होणारी गळती यांनी कमी होते असं त्यांना दिसलं. पुढं ही व्हिटॅमिनं नव्हेत हे कळलं आणि नाव गेलं. तरी जुन्या गोळ्यांच्या जाहिराती अजून ते नाव काढून आणतात.

उंदराच्या पंज्यात काय दिसतं

'संशोधनात सिद्ध झाले' असं वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर उंदराचा पंजा येतो. प्रयोग असा. समुद्री शेवाळापासून कॅरागीनन नावाची भुकटी मिळते. तिचं एक टक्का द्रावण, ०.१ मिलिलिटर, उंदराच्या मागच्या पंज्यात टोचायचं. पंजा सुजतो. घोट्यावर शाईची खूण केलेली असते, त्या खुणेपर्यंत पंजा पाऱ्यात बुडवायचा आणि पारा किती वर चढला ते दर तासाला मोजायचं. एका गटाला इंडोमेथॅसिन हे सुजेवरचं औषध, एका गटाला पाल्याचा अर्क, एका गटाला नुसतं पाणी. हे तंत्र १९६२ पासून चालत आलं आहे. आमच्याकडे एम. फार्मच्या निम्म्या पोरांचा विषय हाच असायचा. झाड बदलायचं, जिल्हा बदलायचा, आलेख तोच.

आणि सूज खरंच कमी व्हायची, ते खोटं नाही. ती का कमी होते? पेशीला इजा झाली की तिच्या पडद्यातून ॲराकिडोनिक ॲसिड सुटतं, कॉक्स नावाचं एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं, आणि प्रोस्टाग्लँडिन वेदनेच्या मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतं. मग एरवी जाणवणार नाही एवढा धक्काही दुखतो. ॲस्पिरिन इथंच अडथळा आणतं, हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक चालू गिरणीचा पट्टा काढतात. क्वेरसेटिन, ल्युटिओलिन यांच्यासारखी फ्लॅव्होनॉइडं मुख्यतः त्याच्या मागे, गिरणी सुरू करा असा हुकूम पेशीत जिथून निघतो तिथं हात घालतात. एनएफ-कप्पा-बी नावाचा तो खटका दाबला गेला की कॉक्स-२, टीएनएफ अशी सुजेची सगळी पलटण तयार होते. फ्लॅव्होनॉइड तो खटका थोडा जड करतात.

आता ज्या दोन गोष्टी प्रबंधाच्या शेवटच्या पानावर लिहिल्या जात नाहीत त्या सांगते. पहिली म्हणजे अर्क आम्ही इंजेक्शनच्या आधी द्यायचो, अर्धा-एक तास आधी. उंदराला सूज येणार हे आम्हाला ठाऊक असायचं. तुमच्या गुडघ्याला कधी सूज येणार हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून दुखायला लागल्यावर काढा पिऊन तासाभरात गोळीसारखा उतार पडेल ही अपेक्षाच चुकीची.

दुसरी गोष्ट मात्रेची. ही आकडेमोड एकदा हातानं करून बघा, फोनवरचे निम्मे संदेश तिथंच गळून पडतात. उंदराची मात्रा माणसाला तशीच लावत नाहीत. लहान उंदराचा, म्हणजे माउसचा आकडा १२.३ ने भागतात आणि मोठ्या उंदराचा, रॅटचा, ६.२ ने. समजा लहान उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम क्वेरसेटिन दिलं. १०० भागिले १२.३ म्हणजे किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला झाले ४८८ मिलिग्रॅम. आता कांद्यात शंभर ग्रॅममागे क्वेरसेटिन असतं साधारण २० ते ४० मिलिग्रॅम. म्हणजे रोज एक ते दोन डझन मध्यम कांदे. आमच्या घरी कांदा फुकट आहे, तरी हे कोणी खाणार नाही.

माझ्यासमोर झालेल्या प्रबंधांपैकी एकाचंही औषध झालं नाही. पोरं कमी पडली असं नाही, आतडं आडवं येतं. काचेच्या बशीतल्या पेशींवर शुद्ध क्वेरसेटिन ओततात, पण पोटातून जाताना आतडं आणि यकृत त्याला दुसरे रेणू जोडून टाकतात, आणि रक्तात मूळ रूपातलं क्वेरसेटिन नावालाच उरतं. बशीत जिंकलेली लढाई रक्तात त्याच शस्त्रानं लढली जात नाही.

कांदा, पाला, साली

तरीही मी जावेला खायला सांगते, कारण इथं एक गंमत आहे. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या हॉलमन आणि सहकाऱ्यांनी मोठं आतडं काढलेल्या, पण एरवी निरोगी स्वयंसेवकांवर मोजमाप केलं. तळलेल्या कांद्यातलं क्वेरसेटिन सुमारे ५२ टक्के शोषलं गेलं, शुद्ध क्वेरसेटिन २४ टक्के आणि रुटिन नावाचं त्याचं दुसरं रूप १७ टक्के. कांद्यात ते ग्लुकोजला जोडलेलं असतं, आणि आतड्याला ती जोडी आवडते. थोडक्यात, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावलं तर कांदा शुद्ध पावडरीला हरवतो.

तर कांदा असा वापरा. लाल किंवा उन्हाळ कांदा घ्या. पांढऱ्या जातींत क्वेरसेटिन फारच कमी. अलिबागकरांनी रागावू नये, त्यांचा कांदा चवीसाठी खावा. वरचा वाळका पापुद्रा काढा, पण त्याखालची पहिली जाड पाकळी फेकू नका. सगळ्यात जास्त माल तिथं असतो, आणि आपण नेमकी तीच कचऱ्यात टाकतो. बारीक चिरून तेलावर परता. परतताना फारसं काही जात नाही आणि तेलाच्या सोबतीनं शोषण सुधारतं. पाण्यात उकडलात तर बराचसा भाग पाण्यात उतरतो, म्हणून आमटी, रस्सा चालेल, उकडून पाणी ओतून देणं नको. दिवसाला एक-दोन कांदे जेवणात आले की पुरे.

सालींचा काढा सध्या फार फिरतो. सालीत क्वेरसेटिन भरपूर असतं, हे खरं. पण चाळीतल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते ती बुरशी आहे, आणि वर कीडनाशक कितीदा मारलं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. आम्ही स्वतः कांदा पिकवतो, तरी मी साली उकळत नाही. तेवढं बोलकं आहे ना?

शेवग्याचा पाला दारात असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा मुगाची डाळ घालून भाजी करा. त्यात क्वेरसेटिन आणि त्याचं भावंड केम्फेरॉल दोन्ही असतात, शिवाय बाकीचं पोषण आहेच. संत्रं सोलल्यावर पांढरे दोरे काढत बसू नका, हेस्पेरिडिन त्यातच असतं. जांभूळ हंगामात खा. आमसुलाचं पाणी प्या, पण त्यात साखरेचा पाक ओतून सरबत केलंत तर मग ते सरबतच. चहाबद्दल एक सावधगिरी. चहातली हीच द्रव्यं जेवणातलं लोह धरून ठेवतात. जावेचं हिमोग्लोबिन आधीच कमी, म्हणून तिचा चहा जेवणानंतर तासाभरानं. सुरुवातीला ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक आमच्या सासूबाई द्यायच्या. पाल्यात फ्लॅव्होनॉइडं आहेत, पण शेकानं बरं वाटतं त्यात उबेचा वाटा किती आणि पाल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. बरं वाटतं ना, मग घ्या. फक्त सांधा लालबुंद, तापलेला असेल त्या दिवशी गरम शेक नको.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर

माणसांवरचा पुरावा थोडा आहे, पण अगदी शून्य नाही. इराणमध्ये आमवाताच्या ५० बायकांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. रोज ५०० मिलिग्रॅम क्वेरसेटिन, ८ आठवडे. सकाळचं आखडणं, सकाळचं दुखणं आणि काम केल्यानंतरचं दुखणं कमी झालं. मघाची आकडेमोड आठवा, ४८८ आणि ५०० किती जवळ आहेत! पण पन्नास जणी म्हणजे एका एसटीत मावतील एवढ्या. त्यावर आशा ठेवावी, उपचार उभा करू नये. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन या फ्लॅव्होनॉइडांची जोडगोळी तर मूळव्याधीसाठी डॉक्टर लिहून देतात. २०१२ मध्ये अशा औषधांच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा रक्तस्राव, खाज कमी झालेली दिसली, पण वेदनेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. सूज उतरली म्हणजे दुखणं उतरलंच असं नसतं, हे यातून घ्या.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं म्हणणाऱ्याला खैराची गोष्ट सांगा. पानाला लावतो तो कात खैराच्या गाभ्यापासून निघतो. कातकरी हे नावही त्याच कातावरून आलं, आणि कॅटेचिन हे रसायनाचं नावही. अमेरिकेत खैरातलं कॅटेचिन आणि चिनी स्कलकॅप या वनस्पतीच्या मुळातलं बायकॅलिन हे फ्लॅव्होनॉइड मिळून 'लिंब्रेल' नावाची कॅप्सूल गुडघ्याच्या झिजेसाठी विकत. २०१२ मध्ये ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी छापून आल्या. फुप्फुसांच्या तक्रारीही होत्या. २०१७ च्या अखेरीस तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं ती घेऊ नका असा इशारा दिला आणि २०१८ च्या सुरुवातीला ती बाजारातून परत घेतली गेली. दोन्ही घटक झाडांचेच होते.

म्हणून डबा घेताना मागची बाजू वाचा. आपल्याकडे अशा डब्यांवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी ओळ असते, बहुतेक वेळा भिंग लावावं लागेल एवढ्या अक्षरांत. एका कॅप्सूलमध्ये नेमकं कुठलं द्रव्य, किती मिलिग्रॅम, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, नुसतं 'वनस्पती मिश्रण' असेल, तर सोडा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, दिवस गेले असतील, यकृताचा काही त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून दाखवायला न्या, नावं आठवत बसू नका.

पपनसाचंही सांगून ठेवते, गणपतीत ते घरोघरी येतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस ही जवळची नातलग. ग्रेपफ्रूटच्या रसानं रक्तदाबाच्या फेलोडिपिनची रक्तातली मात्रा वाढते, हे कॅनडात १९८९ मध्ये अपघातानं सापडलं. प्रयोगात दारूची चव झाकायला तो रस वापरला होता! आधी संशय त्यातल्या नॅरिंजिन या फ्लॅव्होनॉइडवर गेला, पण मुख्य गुन्हेगार फ्युरानोकुमारिन नावाची दुसरीच द्रव्यं निघाली. ती पपनसातही असतात. फेलोडिपिन, कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन किंवा किडनी बदलल्यानंतरच्या गोळ्या चालू असतील तर पपनस देवापुढंच राहू द्या.

आणि भुकटीच्या पुड्या. तीन वर्षांपूर्वी जावेनं कोणाच्या तरी सांगण्यावरून बिननावाची पुडी आणली. 'शंभर टक्के वनस्पती'. तिसऱ्या दिवशी ती पाट्यावर चटणी वाटत होती, घरात आनंदीआनंद. मला मात्र धडकी भरली. फ्लॅव्होनॉइड तीन दिवसांत असं काही करत नाही. एवढ्या झपाट्यानं जे काम करतं ते बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आणि सांधेदुखीच्या पुड्यांत ते मिसळल्याचे प्रकार वारंवार सापडलेले आहेत. पण तिनं त्या भरात आमवात आवरणारी, आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्झेटची गोळी बंद केली होती आणि मला सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनी चेहरा गोल झाला. पुडी थांबवावी तर तेही एकदम करून चालत नाही, स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावं लागतं. त्यातून बाहेर पडायला पावसाळा गेला, आणि मधल्या दोन बोटांना जो बाक आला तो तसाच आहे.

फ्रीजवरचा कागद

आता त्या कागदाविषयी. दुरेघी वहीचं एक पान घ्या आणि पाच रकाने आखा. तारीख, सकाळी आखडलेलं सुटायला लागलेली मिनिटं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती, त्या दिवशी वेदनाशामक गोळ्या किती, आणि अंगठी गेली की अडली. अंगठीचा रकाना जावेनं स्वतः वाढवला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण त्यात मन रमवायला जागा नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, नुसतं लिहा. मग एकच गोष्ट सुरू करा. कांदा तर कांदा, डॉक्टरांनी होकार दिला असेल तर कॅप्सूल तर कॅप्सूल. दोन्ही एकदम नाही, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. आठ आठवडे चालू ठेवा. चालू औषधं जशीच्या तशी. मेथोट्रेक्झेटसारख्या गोळ्यांना हात लावायचा तो डॉक्टरांनीच. आठ आठवड्यांनी पहिल्या पंधरवड्याची आणि शेवटच्या पंधरवड्याची सरासरी काढा. मिनिटं निम्म्यावर आली असतील तर चांगलं, कागद डॉक्टरांना दाखवा. पाच-दहा मिनिटांचा फरक असेल तर तो हवेचाही असू शकतो, आमच्याकडे पावसाळ्यात तेवढा पडतोच. फरक नसेल तर कॅप्सूल बंद करा आणि ते पैसे सत्कारणी लावा. मधेच डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, भूक मेली, अंगावर पुरळ आलं, तर आठ आठवड्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा.

जावेचं म्हणाल तर कॅप्सूलचा निकाल तिच्या कागदावर लागला: पंचावन्नची पन्नास मिनिटं. बंद केली. कांद्याची जाड पाकळी मात्र ती आता फेकत नाही, आणि मी कधी त्यांच्याकडे भाजी चिरायला बसले की माझ्या ताटलीतल्या साली उलट्यासुलट्या करून बघते.